कार्ड गेलंय

दिघीत वस्तू जुनी होत नाही, थेट गंजते. भिंतीत खिळा मारावा आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी तपकिरी डाग बघावा. सिलिंडर उचलला की फरशीवर गंजाचं गोल कंकण उरतं. छत्रीची काडी, दाराची कडी, सायकलची साखळी, सगळ्यांची एकच गत. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे जंजिरा, आणि अहोरात्र खारं वारं. मुंबईची माणसं जेट्टीवर उतरतात, छाती फुगवतात आणि म्हणतात, “काय हवा आहे हो तुमच्याकडे!” दोन दिवसांनी गाडी काढून जातात. त्या गाडीला इथं एक पावसाळा काढू द्या, मग हवेचं बोलू.

जंजिऱ्यावर कलालबांगडी नावाची तोफ आहे. पंचधातूची म्हणतात. शेकडो पावसाळे उघड्यावर खाल्ले तरी तिनं कधी तक्रार केली नाही. तिच्याच समोरच्या किनाऱ्यावर आमचं वॉशिंग मशीन राहतं, घरात, छपराखाली, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून. पण त्याच्या पोटातल्या सर्किट बोर्डावर तांब्याचा जो थर असतो तो असतो साधारण 35 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीचा. कंपनीनं तोफ ओतणाऱ्याचा सल्ला घेतला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

तर ऐन आषाढात मशीन मधेच थांबलं. आत कपडे, आत पाणी, आणि दार लॉक. पडद्यावर ‘ई’ आणि त्यापुढे एक आकडा लुकलुकायला लागला. मशीन पुढून उघडणारं, गोल काचेचं. त्या काचेतून माझी ग्रामपंचायतीच्या सभेला जायची एकमेव बरी पँट साबणाच्या पाण्यात स्वस्थ तरंगताना दिसत होती.

“बंद करून चालू कर,” आई म्हणाली. आईचं वय ब्याऐंशी. तिनं आयुष्यात मशीनला हात लावलेला नाही. तरीही देशातल्या सगळ्या सर्व्हिस इंजिनीअरांना जे येतं ते तिला येत होतं.

बंद केलं, चालू केलं. ‘ई’ तसाच.

“डाव्या अंगाला एक थाप मार.”

मारली. ‘ई’ गेला आणि त्याच्या जागी दुसरा ‘ई’ आला.

इथं एक सांगायला हवं. मी निवृत्त मास्तर आहे, आणि तोही विज्ञानाचा. ओहमचा नियम मी उभ्या हयातीत शिकवला. दिघीपासून बोर्ली पंचतनपर्यंत निम्म्या गावाला व्होल्ट, अँपिअर आणि छडी या तिन्ही गोष्टी माझ्याकडून मिळालेल्या. त्यामुळे मशीन बंद पडल्याची बातमी वाडीत पसरली तशी लोकांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान दिसू लागलं. येणारा प्रत्येक जण आधी “काय झालं मास्तर?” विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत न थांबता काय झालं ते मलाच सांगायचा.

मी कंपनीला फोन लावला. बरीच बटणं दाबून, बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली. “सर, आपला पिनकोड?” सांगितला. “सर, आपल्याजवळच इंजिनीअर उपलब्ध आहे. फक्त काही किलोमीटरवर. आजच येईल.”

मला आनंद झाला. मग लक्षात आलं की हा इंजिनीअर मुरुडचा. कंपनीच्या कॉम्प्युटरनं नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजलं होतं, आणि त्या रेघेत खाडी होती.

“ताई, मध्ये समुद्र आहे.”

“हो सर, पण डिस्टन्स कमी आहे.”

“त्याला आगरदांड्याहून फेरीबोटीनं यावं लागेल. रस्त्यानं आला तर सगळी खाडी वळसा घालून, म्हसळ्यावरून.”

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “सर, आपण स्विच बंद करून पंधरा मिनिटांनी चालू केलंत का?”

त्या दिवशी वारं होतं, बोट थांबलेली होती. दुसऱ्या दिवशी वारं नव्हतं, इंजिनीअरच थांबला. “तक्रार निवारण झालं आहे” असा मेसेज मात्र मला वेळेवर आला. शेवटी एका दुपारी तो आला खरा. पाठीवर बॅग, पायात वाळूनं भरलेले बूट. त्यानं आधी मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढला, मग मशीनचा, मग माझा मशीनसह. वरचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि उभा राहिला.

“कार्ड गेलंय.”

आई आतून म्हणाली, “एकदम गेलं, की आजारी होतं?”

“एकदम,” तो म्हणाला. “नवीन टाकावं लागेल. साडेपाच हजार. मागवायला वेळ लागेल. मॉडेल जुनं आहे, आलं तर येईल. त्यापेक्षा सर, एक्स्चेंजमध्ये नवीन मशीन घ्या.”

“हेच दुरुस्त नाही का होणार?”

त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. कंपनीत दुरुस्ती ही गोष्ट आता उरलेली नाही, हे त्या नजरेत होतं. त्यानं कार्ड काढून माझ्या हातात दिलं, दाराचं लॉक उघडून पँटची सुटका केली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि शेवटच्या बोटीच्या आधी निघून गेला.

आता खरी अडचण सांगतो. मशीन बंद असणं ही काही आमच्या घरात आपत्ती नव्हती. बायको म्हणाली, “चालू दे तुमचं सावकाश. तोवर कपडे तुम्ही धुवा.” ओल्या जीन्सचं वजन किती असतं हे मला पदार्थविज्ञान शिकवून कधी कळलं नव्हतं. जुलैत इथल्या हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. दोरीवर टाकलेला टॉवेल वाळायचं तर सोडा, संध्याकाळपर्यंत त्याचं वजन वाढतं. पहिल्याच बादलीनंतर कार्ड दुरुस्त करणं हे माझं जीवितकार्य झालं.

कार्ड मी टेबलावर ठेवलं. लोक बघायला येऊ लागले.

वायरमन आला. माझाच विद्यार्थी, विज्ञानात कायम काठावर पास. कार्डाकडे न बघता म्हणाला, “मास्तर, अर्थिंग.” त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे. “तुम्हीच शिकवलेलंत.” शिकवलं होतं, हे खरं. तेव्हा त्यानं ऐकलं होतं हे मला नवीन होतं.

शेजारीण आली. “तांदळात ठेवा. आमच्या ह्यांचा मोबाइल खाडीत पडला होता, तांदळात ठेवला, चालू झाला.” कार्ड तांदळात गेलं. संध्याकाळी आईनं त्याच डब्यातला तांदूळ भाताला काढला आणि कार्डासकट धुवायला घेतला. वेळेवर आरडाओरडा झाला म्हणून वाचलं.

एका गृहस्थांनी मशीन ईशान्येला आहे असं निदान केलं. दुसऱ्यांनी पालींचा बंदोबस्त म्हणून अंड्याची टरफलं टांगा म्हणून सांगितलं. हा सल्ला मला तेव्हा हास्यास्पद वाटला. पालीचा विषय पुढे निघणार होता, पण ते नंतर.

पुण्याला इंजिनीअरिंग करणारा भाचा व्हिडिओ कॉलवर आला. “मामा, मल्टिमीटर आहे का? कंटिन्युइटी चेक कर.” मल्टिमीटर मागवला. दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की तो बीप वाजवतो. हा बीप फार वाईट असतो हो. एकदा ऐकला की माणसाला घरात दुसरं काही सुचत नाही. मी कार्ड बाजूला ठेवून चमचे तपासले, किल्ल्या तपासल्या, अडकित्ता तपासला. सगळे पास. दाराच्या बिजागरीला टोकं लावली, बीप नाही. गंज वीज वाहू देत नाही. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

“म्हणजे बिजागरी बदलायची का?”

“नाही, ती विजेची वाहक राहिलेली नाही एवढंच.”

“बरं झालं. आता ती फक्त दाराचं काम करेल. तुम्ही त्या बादलीचं करा.”

भाच्यानं इंटरनेटवरून इतिहासही पाठवला. सर्किट बोर्डाचा जनक म्हणून पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाचं नाव घेतात. 1936 साली लंडनमध्ये, राहत्या भाड्याच्या खोलीत, त्यानं असा बोर्ड घालून रेडिओ बनवला. त्याआधी रेडिओच्या पोटात तारांचं जंजाळ असे. एकेक तार हातानं जोडलेली. तुटली तर दिसायची, दिसली तर जोडता यायची. आयस्लरनं त्या तारा चपट्या करून पाटीवर छापल्या, आणि नंतरच्यांनी त्या पाटीवर इतकं बारीक बारीक काही बसवलं की माणसाला आत काय चाललंय ते दिसेनासं झालं. लंडनमध्येही पाऊस असतो म्हणा. पण तो वर्षाला 600-700 मिलिमीटर. आमच्याकडे नुसता जुलै तेवढा पडतो, आणि मग लोकं म्हणतात यंदा पाऊस कमी.

अखेर कुणीतरी बोर्लीच्या चाचांचं नाव काढलं. बाजारात एक चिंचोळं दुकान. आत चाचा, आणि चाचांभोवती मेलेल्या वस्तू. सेट-टॉप बॉक्स, टू-इन-वन, डीव्हीडी प्लेअर, पंख्यांचे रेग्युलेटर, आणि सर्वात वर मानाच्या जागी एक आखाती मिक्सर. या भागातली पुष्कळ घरं आखातातल्या नोकऱ्यांवर उभी राहिली. सौदीत पूर्वी घरात 127 व्होल्टचा पुरवठाही असे. तिथून आणलेला मिक्सर कुणीतरी कौतुकानं आपल्या 230 व्होल्टमध्ये घातला. चाचांच्या सांगण्यानुसार खोबरं छतावरून काढावं लागलं. मिक्सर तसाच ठेवलाय, गिऱ्हाईक घाईला आलं की त्याच्याकडे बोट दाखवायला.

चाचांनी कार्ड हातात घेतलं. मल्टिमीटर नाही, भिंग नाही. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि एक दीर्घ श्वास घेतला.

“पाल,” चाचा म्हणाले.

मग टॉर्चच्या उजेडात दाखवलं. दोन टोकांच्या मध्ये, अगदी वळचणीला, एक बारकी पाल वाळून बसली होती. पावसात पालींना ऊब हवी असते, आणि प्लग लावलेलं मशीन आतून कोमट असतं. तिनं चांगली जागा पाहिली, एक पाय इकडे ठेवला, एक तिकडे. एवढ्यात तिचं आणि माझ्या पँटचं एकदमच झालं. शेजारी काळं पडलेलं एक बटणाएवढं निळं काहीतरी होतं.

“हा व्हेरिस्टर,” चाचा म्हणाले. “हा गेला म्हणून बाकीचे वाचले.”

व्हेरिस्टरचं काम घरातल्या थोरल्या सुनेसारखं असतं. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लाईट गेलेली परत येताना व्होल्टेजचा जो धक्का येतो तो सगळा अंगावर घेतो, वेळ आली तर जळतो, आणि जाताना फ्यूज उडवून पुढचं दार लावून घेतो. पुष्कळ झटके याआधीच खाल्ले असावेत त्यानं. वारं सुटलं की आमच्याकडे लाईट डोळे मिचकावते, हे काही सांगायला नको. 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा खांबच झोपले. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. लाईट आली त्या दिवशी लोकांनी आनंदानं घरातली सगळी बटणं एकदम दाबली. चाचा सांगतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाबाहेर जी रांग होती तशी ईदलाही नसते.

“मग आता?”

“आता हे.” चाचांनी कार्ड उलटं केलं. सगळ्या बोर्डावर पारदर्शक रबर ओतलेलं होतं. “पाणी आत जाऊ नये म्हणून कंपनीनं हे ओतलं. पाणी गेलं नाही. आता मलाही जाता येत नाही.”

“पण पाल गेली.”

“पालीनं कंपनीचं माहितीपत्रक वाचलं नव्हतं.”

त्यांना जरा उभारी द्यावी म्हणून मी म्हटलं, “चाचा, 2022 मध्ये सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबरात पोर्टलसुद्धा काढलं. कंपन्यांनी सुटे भाग, माहिती सगळं ग्राहकाला मिळू द्यावं म्हणून.”

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “हक्क आला. चांगलं झालं. पार्ट कधी येणार?”

मग त्यांनी तो शब्द उच्चारला ज्यावर कोकणातलं सगळं कालगणित उभं आहे. “ठेवून जा मास्तर. बघतो.”

या ‘बघतो’ला तारीख नसते. विचारायला गेलं की “उद्या या” होतं, उद्या गेलं की “जरा पाऊस कमी होऊ द्या” होतं, आणि फार लावून धरलं की “गणपतीनंतर बघू” होतं, ज्याच्यापुढे अपील नाही. इकडे घरात मी कपडे पिळत होतो. माझ्या दंडाला आकार येऊ लागल्याचं बायकोनं लक्षात आणून दिलं. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो.

चाचा मात्र काम करत होते. त्यांनी गरम हवेनं रबर मऊ केलं आणि टोकदार बांबूच्या काडीनं टवका टवका काढून वाट केली. व्हेरिस्टर एका मेलेल्या टीव्हीतून मिळाला, फ्यूज होताच. पण एका कपॅसिटरचं टाळकं फुगलेलं निघालं. 400 व्होल्टचा, करंगळीच्या पेराएवढा. “हा जुना चालणार नाही, जुने सुकलेले असतात. नवीन आणा.”

बोर्लीत नव्हता. श्रीवर्धनला नव्हता. म्हसळ्यात दुकानदार म्हणाला, “एसीचा आहे, पंख्याचा आहे, पंपाचा आहे. हा असला बारका कोण ठेवतो?” आता गंमत बघा. दिघीच्या बंदरासाठी 2021 मध्ये 705 कोटी मोजले गेले. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं बारा औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यात दिघी आहे. 6,000 एकरांहून जास्त जागा. इथं कारखाने येणार, जहाजं लागणार, जगाला माल जाणार. फक्त पाच रुपयांचा कपॅसिटर मिळत नाही.

मुंबईच्या मेहुण्याला चिठ्ठी पाठवली. तो लॅमिंग्टन रोडला गेला. त्या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण पाटी वाचून तिथं कुणी कपॅसिटर घ्यायला जात नाही. दुकानदारानं विचारलं, “किती पाकिटं?”

“एक नग.”

दुकानदारानं त्याला जरा बाजूला उभं राहायला सांगितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बराच वेळ उभं राहिल्यावर मेहुण्याचा स्वाभिमान जागा झाला आणि त्यानं शंभराचं अख्खं पाकीट घेतलं. श्रीवर्धनच्या एसटीतून ते बोर्लीला उतरलं. कंडक्टरनं पाकीट हलवून विचारलं, “मास्तर, गोळ्या कसल्या? शुगर का?”

चाचांनी एक कपॅसिटर घेतला, राळेत बुडवलेली तार लावली, राळेचा धूर निघाला, आणि दोन मिनिटांत काम झालं. त्यांनी कार्ड पुन्हा नाकाशी धरलं. समाधान झालेलं दिसलं. “अडीचशे.”

“दोनशे द्या करून.”

“मास्तर, शाळेत तुम्ही माझ्या मुलाचा अर्धा मार्क कधी वाढवला नाहीत.”

अडीचशे दिले.

मशीन सुरू झालं. ड्रम फिरला, पाणी आलं, ‘ई’ गेला. घरात श्रेयवाटपाला सुरुवात झाली. आई म्हणाली, तिनं कुलदैवताला नारळ बोलला होता. वायरमननं अर्थिंगची वायर आदल्या रात्री पिळली होती, ते त्यानं सर्वांना सांगितलं. शेजारणीच्या मते मूळ सुधारणा तांदळातच झाली, चाचांनी फक्त पुढचं केलं. भाच्यानं मामाला ऑनलाइन मार्गदर्शन केल्याचं कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं. कंपनीचाही फोन आला. तक्रार बंद करताना मी किती स्टार देईन असं विचारत होते.

बायकोनं वहीत हिशेब मांडला. इंजिनीअरची व्हिजिट, मल्टिमीटर, बोर्लीच्या रिक्षा, श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या एसट्या, मेहुण्याची टॅक्सी, कारण शंभराच्या पाकिटाबरोबर त्यानं स्वतःसाठी हेडफोन घेतले आणि पावसात अडकला, शिवाय नारळ. बेरीज नवीन कार्डाच्या आसपास गेली. “पन्नास रुपयांसाठी चाचांशी घासाघीस करून पाहिलीत म्हणे,” एवढंच ती म्हणाली. मी विषय बदलून अंड्याची टरफलं टांगायला उठलो.

उरलेले कपॅसिटर कपाटात होते. बातमी फुटायला वेळ लागला नाही. आधी खालच्या वाडीतून एक जण मासळीच्या बर्फाच्या फ्रीझरचं कार्ड घेऊन आला. मग एकाचा इन्व्हर्टर. मग मशिदीच्या भोंग्याचा अँप्लिफायर आणि देवळातल्या भजनाचा अँप्लिफायर, एकाच दिवशी, एकाच रिक्षातून. मी त्यांतलं काही दुरुस्त करत नाही, नुसता कपॅसिटर देतो. लोक तेवढ्यानंही खूश असतात. औद्योगिक शहर व्हायला अजून अवकाश आहे, पण सुट्या भागांचा पहिला साठेबाज म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

परवा चाचांचा नातू सायकलवरून आला. साखळी अर्थातच गंजलेली.

“मास्तर, आजोबांनी दहा पीस मागितलेत.”

“पाच रुपयांप्रमाणे पन्नास झाले.”

तो पाकीट खिशात घालून सायकलवर बसला. “लिहून ठेवा म्हणाले. गणपतीनंतर बघतो.”